उद्यानाभोवती सायकल : दैनंदिनी, हप्ता दुसरा

शुक्रवार, १० जानेवारी. घाटकोपर
उपाशीपोटी साखर १४६. मुलुंडहून ७.४० ला निघाले. केळी ३०, बिनसाखरेचा चहा १५, चाकात हवा १०. भांडुपला रस्ता खणलेला, पाऊण तास गेला. पोचल्यावर १२१. नणंदेने पाय शेकायला गरम पाण्याची बादली आणली. नको म्हटलं. माझ्या तळव्यांना चटका कळत नाही, फोड आल्यावरच समजतं. धुळीने घसा खरखरतोय.

शनिवार, ११ जानेवारी. अंधेरी, मरोळ
साखर १३८. असल्फा, साकीनाका, मेट्रोच्या पुलाखालून. पुन्हा धूळ. थंडीत पहाटे जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही आणि धूर, धूळ सगळं खालीच साचून राहतं. म्हणून साडेपाचला निघणं मी सोडलं. ऊन वर आल्याशिवाय सायकल काढत नाही. तरीही मास्क संध्याकाळी काळा झाला होता.
१९२२ साली याच तारखेला टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. औषध पुरतं शुद्ध नव्हतं, गुण आला नाही. २३ तारखेला शुद्ध केलेलं दिलं आणि पोर सावरलं. दर वर्षी या दिवशी पेन हातात घेताना मला तो आठवतो. सायकलच्या दिवशी पोटावर टोचते. पॅडल मारणाऱ्या मांडीतून इन्सुलिन फार लवकर भिनतं. डोसही डॉक्टरांना विचारून कमी केलाय.
खर्च ५५.

रविवार, १२ जानेवारी. बोरिवली
निघताना १३४. आज लिहायला हात उचलत नाही, पण लिहायलाच हवं.
आरेत शिरले आणि गारवा अंगाला लागला. मुंबईतले तबेले हलवण्यासाठी १९४९ साली वसवलेली ही दूध वसाहत. झाडी अजून दाट, त्यामुळे शहरापेक्षा इथे थंडी जास्त. हँडलवर हात कापायला लागले. थंडी असेल म्हणून तशीच पुढे गेले. थंडीचं कापरं आणि साखर उतरल्याचं कापरं अगदी सारखं लागतं, हीच हिवाळ्यातली खरी अडचण. मानेवर गार घाम फुटला तेव्हा उतरले. बोट टोचलं, रक्त येईना. तळवे चोळून पुन्हा टोचलं. ५८. ग्लुकोजची पुडी मरोळला मैत्रिणीच्या टेबलावर राहिलेली.
रस्त्याकडेला पाड्यावरची एक वारली मावशी भाजीचे वाटे मांडून बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. “खाली बस. बोलू नको.” शेजारी तीन दगडांवर कोरा चहा उकळत होता. मी कसंबसं म्हटलं, साखर, तीन चमचे. तिने चार घातले आणि वाटी तोंडाशी धरली. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा अर्धी वाटी. मग ९४. तेवढा वेळ तिने गिऱ्हाइकांना “थांबा जरा” एवढंच सांगितलं. तिच्या सासऱ्याला साखर होती, शेवटी पाय कापावा लागला, तेव्हापासून असा घाम ती ओळखते म्हणाली. माझी पावलं तिने स्वतः बुटातून काढून पाहिली. बोटांच्या बेचक्यात पाहिलं, टाचेखाली पाहिलं. इतक्या काळजीने माझे पाय आजवर कुणी पाहिले नव्हते.
चहाचे पैसे घेतले नाहीत. पावटा, घेवडा, गाजरं आणि वांगी मात्र ४० रुपयांना दिली. “भोगी आहे उद्या, ताई.”
तासभर बसून मग निघाले. महामार्गावर धूळ. रात्री झोपण्यापूर्वी ११२, तरी एक पोळी खाल्ली, कारण दमलेले स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात.

सोमवार, १३ जानेवारी. बोरिवली
सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद. विश्रांती. मागच्या चाकाला पंक्चर. मावशीच्या भाजीत बहिणीने बोरं आणि ओला हरभरा घातला, तिळाचं कूट घातलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी. एकच भाकरी वाढून घेतली आणि शेवटचा घास बराच वेळ चावत राहिले. जेवणानंतर दोन तासांनी १५२. दिवसभर मन भरून आलेलं.

मंगळवार, १४ जानेवारी. कान्हेरी
सायकल दुरुस्तीला, म्हणून उद्यानात भाड्याची घेतली. दारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, शेवटचा चढ दमवणारा. निघताना बहिणीने तिळगुळाचे चार लाडू रुमालात बांधून दिले. गोड खायचं नाही म्हणून संक्रांतीला मी गेली नऊ वर्षं हात जोडून मागे सरते. आज लाडू औषध म्हणून खिशात होते. चढावर हात कापले. थांबून मोजलं, ११८. थंडीच होती. तरी लाडू चाचपून पाहिला.
बेसॉल्टमध्ये कोरलेली शंभरावर लेणी, आणि जवळपास प्रत्येकीच्या दाराशी पाण्याचं टाकं. कोरणाऱ्यांनी कोरडे महिने आधीच मोजून ठेवले होते. टाक्याकाठी बसून भाकरी खाल्ली. आकाशात पतंग. हवा स्वच्छ, आज खोकला नाही.

बुधवार, १५ जानेवारी. मुलुंड
घोडबंदरमार्गे घर. समोरून वारा. पंक्चर ६०, केळी ४०, शहाळं ७०. ठाण्याच्या अलीकडे सव्वा तास खोळंबा. धूळ. रुमालात लाडू दोन उरलेत. इन्सुलिनचं पेन संपत आलंय, सकाळी आणायचं. मागचं चाक पुन्हा मऊ लागतंय.