झाडाखालचं झाड

एखादं जंगल बरं आहे की नाही, हे पाहायला गेलो की मी आधी वर बघत नाही, पायाखाली बघतो. झाडांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटू नये. शंभर-दीडशे वर्षांचा वृक्ष आजच्या हवेबद्दल फारसं सांगत नाही. तो ज्या काळात रुजला, त्या काळाचा तो साक्षीदार असतो. आजचं सांगतं ते रोप.

आमची मोजणी साधी असते. जमिनीपासून 1.3 मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, खोडाभोवती फीत लावून घेर घ्यायचा आणि जाडीप्रमाणे झाडांचे गट पाडायचे. वीतभर उंचीची रोपं जमिनीवर बसून वेगळी मोजायची. जिथं सगळं सुरळीत चाललंय तिथं रोपं शेकड्यांनी सापडतात, मनगटाएवढी झाडं त्याहून कमी, मांडीएवढी आणखी कमी आणि कवेत न मावणारी अगदी थोडी. हा क्रम बिघडला, वर गर्द सावली आणि खाली त्या जातीचं एकही पोर नाही अशी अवस्था आली, की ते जंगल उभं असलं तरी त्याचा वंश थांबलेला असतो.

ही भीती मला सर्वांत जास्त वाटते ती रानजायफळाच्या दलदलींबद्दल. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथं अशी एक दलदल आहे. 2021 मध्ये राज्य सरकारनं तिला जैवविविधता वारसास्थळ जाहीर केलं. क्षेत्र अवघं 2.59 हेक्टर. गोव्यात सत्तरीमधली निरंकाराची राई, उत्तर कन्नडमधलं कत्तलेकान, दक्षिण केरळात कुळत्तुपुळाच्या आसपासच्या दलदली ही तिची भावंडं. एके काळी सह्याद्रीच्या पायथ्याशी, बारमाही व्हाळांच्या काठानं अशी जंगलं बरीच असावीत. सपाट जागा आणि बारमाही पाणी माणसालाही हवंच होतं; भातशेती आणि सुपारीच्या बागा याच जागी आल्या. बांबर्डे आणि निरंकाराची राई वाचली, कारण तिथं देव होता.

रानजायफळाच्या झाडाची रचना पाहून मी अजूनही थक्क होतो. पाण्यानं भरलेल्या चिखलात मुळांना प्राणवायू मिळत नाही. म्हणून ती गुडघ्यासारखी वाकून पृष्ठभागावर येतात, हवा घेतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. म्हणजे फळ धरायला दोन्ही जवळपास हवीत. बी मोठं, तेलकट, भोवती तांबडी जायपत्री. धनेशासारखे मोठे पक्षी ती खाऊन बी दूर टाकतात. सागाचं बी पोत्यात भरून पुढच्या पावसापर्यंत ठेवता येतं. रानजायफळाचं बी वाळलं की मेलं. त्याचा साठा करता येत नाही. ते झाडावरून थेट ओल्या मातीत पडलं पाहिजे आणि ती माती पुढेही ओली राहिली पाहिजे.

आता या गरजेपुढे बदलतं हवामान ठेवून पाहा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की महाराष्ट्रासह देशाच्या मध्य पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 दरम्यान तिपटीनं वाढल्या. एकदम कोसळलेलं पाणी मुरत नाही, वाहून जातं. डोंगरउतार उघडा असेल तर गाळ घेऊन जातं, आणि तो गाळ दलदलीत त्या गुडघेमुळांवर बसतो. पावसाळ्यात कमी मुरलं की चैत्र-वैशाखात झरा लवकर आटतो.

त्यात हवाच तहानलेली होते. तापमान एका अंशानं वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. तेवढं बाष्प तिला मिळालं नाही, तर ती पानांतून ओढते. झाडाच्या खोडात पाण्याचा अखंड धागा मुळापासून पानापर्यंत ताणलेला असतो. ओढ वाढली आणि खालून पुरवठा कमी पडला, की तो धागा तुटून आत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. साग आणि ऐन ही झाडं उन्हाळ्यात पानं टाकून ही ओढ थांबवतात. रानजायफळासारख्या सदाहरित झाडाला ती सोय नाही. मोठ्या वृक्षाची मुळं खोल असतात, तो तगून जातो. रोपाची मुळं वीतभर. ते आधी जातं, आणि त्याची बातमी होत नाही.

उपग्रहालाही ते दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर किंवा अधिक जमिनीवर दहा टक्के किंवा जास्त छत्र असलं की ते वनाच्छादन. जात कोणती, मालकी कुणाची, याला महत्त्व नाही. त्यामुळे दोडामार्ग-सावंतवाडीच्या उतारांवर नैसर्गिक जंगल काढून रबर लावलं, तरी आकडेवारीतली हिरवाई कमी झालेली दिसेलच असं नाही. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर बंदी घातली, ती मला फार मोलाची वाटते. मात्र दलदलीचं पाणी वरच्या उतारावरून येतं. वारसास्थळाची हद्द 2.59 हेक्टरवर थांबते, पाणलोट थांबत नाही. वरच्या उतारावरचं जंगल त्याच संरक्षणात आलं पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणत आलो आहे.

धोका भक्तीतूनही येतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचं महत्त्व शास्त्रीय जगापुढे मांडलं. आज त्यांपैकी अनेक ठिकाणी मंदिरांचा जीर्णोद्धार चालू आहे. वृक्षांना कुणी हात लावत नाही, पण सभामंडपाभोवती काँक्रीट होतं, झुडपं काढली जातात, पातेरा झाडून पेटवला जातो. पातेरा मातीतली ओल धरतो. बी त्याच्याखालीच रुजतं. श्रद्धेनं केलेली ही साफसफाई राईची पुढची पिढी पुसून टाकते.

आपल्या गावच्या राईत या दिवाळीला जाल तेव्हा मोठ्या झाडाखाली जरा खाली बसा आणि त्याच झाडाची रोपं शोधा. पान ओळखता येत नसेल तर सोबत गावातलं एखादं वयस्कर माणूस घ्या. त्यांना ओळख असते. रोपं सापडली नाहीत, तर देवस्थानच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडा: राईतला पातेरा जिथं पडेल तिथंच राहू द्यायचा, आणि राईला पाणी देणारा वरचा उतार कुणाच्या नावे आहे हे सातबाऱ्यावर पाहून त्या माणसाशी बोलायचं.