डिन आणि धुनि

इंग्रजीत गोंगाटाला शब्द पुष्कळ. मला त्यातला ‘डिन’ आवडतो. अक्षरं तीनच, पण साधा आवाज म्हणजे डिन नव्हे. घुमणारा, कानठळ्या बसवणारा आणि थांबायचं नाव न घेणारा तो डिन. त्याचं क्रियापदही होतं : एखादी गोष्ट पुन्हापुन्हा सांगून डोक्यात भरवणं. आपण कानीकपाळी ओरडणं म्हणतो ना, तेच. शाळेत जन्मभर मी दुसरं काय केलं!

गंमत आहे ती त्याच्या कुळात. शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जुना, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतातल्या ‘धुनि’शी लावतात. संस्कृतात ‘ध’ तिथे इंग्रजीत ‘ड’, हे नेहमीचंच. विधवा-विडो, बंध-बाइंड, रुधिर-रेड बघा. म्हणजे डिन हा आपल्या ध्वनीचा भाऊ, लांबचा का होईना!

धुनि म्हणजे गर्जणारा. नदीलाही तो शब्द आहे, गंगा ती स्वर्धुनी. आणि ऋग्वेदात धुनि नावाचा इंद्राचा एक शत्रू आहे, चुमुरीचा जोडीदार. इंद्राने ह्या दोघांना संपवलं कसं, तर झोपवून.

आमच्या वर्तकनगरातला धुनि काही झोपत नाही. 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल ही मर्यादा. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय.

ह्यांच्या बायपासनंतरचा पहिला गणेशोत्सव. सवलतीचा दिवस नव्हता, तरी अकरा वाजता तांब्यावरचं भांडं थरथरत होतं. हे छातीवर हात ठेवून पडलेले. मी पोलिसांना फोन करायला उठले, तर म्हणाले, "राहू दे गं, आपलीच पोरं आहेत."

आपलीच म्हणजे माझीच, त्यातली निम्मी माझ्या वर्गातली. खाली गेले. एकाने वाकून नमस्कार केला, "बाई, पाचच मिनिटं." बंद झालं पावणेबाराला.

यंदा ती वर्गणीला आली, तेव्हा पावती फाडायच्या आधीच मी विचारलं, "किती वाजता बंद?" सगळे एका सुरात, "दहा वाजता, बाई."

बघू.