मेस, अभ्यासिका, टेकडी

पुण्यात शिकायला आलेला मुलगा दिवाळीला गोल होऊन घरी गेला की आई म्हणते, "बाहेरचं खाणं बाधलं." पण त्याचं बाहेरचं खाणं म्हणजे बहुतेकदा मेसमधली पोळी-भाजी आणि वरण-भातच असतो. बदललेल्या असतात त्या वेळा, आणि वाढलेलं असतं ते अभ्यासिकेतलं दिवसभराचं बसणं.

*

मेसच्या पैशांत दोन वेळचं जेवण येतं, नाश्ता येत नाही. सकाळ चहा-क्रीमरोलवर निघते. दुपारी पोटात आग पडलेली, त्यात ताट अनलिमिटेड, मग भात दोनदा घेतला जातो. महिन्याचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे पोटभर जेवणं ही त्याची काटकसर असते. त्याला खादाड म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद, मग चायनीजची गाडी.

मेसवाल्या काकूंनी सकाळी उसळ किंवा थालीपीठ ठेवलं तर दुपारचा दुसरा भात आपोआप कमी होईल असं मला वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (युजीसी) २०१६ मध्ये कॅम्पसमधलं जंक फूड बंद करा असं कळवलं, २०१८ मध्ये पुन्हा आठवण दिली. पण कँटीनमधून समोसा काढला आणि त्या जागी परवडणारं काही ठेवलं नाही, तर मुलं फाटकाबाहेरच्या गाडीवर जाणारच.

*

अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षी पंधरा पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो वाढतात अशी समजूत आहे. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा सरासरी वाढ दीड किलोच्या आसपास निघाली. दीड किलो कुणाच्या नजरेत भरत नाही, हीच त्यातली काळजीची बाब. कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड लेवित्स्की यांनी नव्या विद्यार्थ्यांना रोज वजन करायला सांगितलं. ज्यांनी केलं त्यांचं जवळपास स्थिर राहिलं, बाकीच्यांचं वाढलं. तरी वसतिगृहात रोजचा काटा सक्तीचा करू नये. आधीच शरीराची लाज बाळगणाऱ्या मुली जेवणच सोडतील.

*

आपल्याकडे नुसता काटा पुरतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. अशा फरकामुळे भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात. शिंप्याची टेप पोटाभोवती धरावी: पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०, ही हद्द.

*

झोप. शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं. स्पर्धा परीक्षेची मुलं तर महिनोन् महिने अशी जागतात. रात्री एकची मॅगी नुसती जिभेची मागणी नसते.

*

बसण्यावर उतारा चालण्याचा. फर्ग्युसन कॉलेजच्या मागे हनुमान टेकडी आहे, पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. दोन्ही फुकट. पण मुलींच्या कितीतरी वसतिगृहांचं फाटक पहाटे बंद असतं, संध्याकाळी लवकर लागतं. त्यांना व्यायामाचा उपदेश करण्याआधी रेक्टरबाईंनी फाटक साडेपाचला उघडावं आणि टेकडीपर्यंत चार-पाच जणींची सोबत लावून द्यावी.