इंजिनाची उरलेली ऊब

मराठवाड्यात गाडीच्या हीटरविषयी लिहायला बसले तर वाचक हसतील. आपल्याकडे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "एसी गार करतो का?" एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की डॅशबोर्डवरचे ते लाल निशाण कशासाठी आहे, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण हिवाळा आपल्याकडेही येतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीला कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद झाली होती. आमच्या अर्धापुरात थंडीची लाट आली की शेतकरी रात्री जागून केळीच्या बागांच्या बांधावर काडीकचरा पेटवतात आणि धूर करतात. केळीला थंडी सोसत नाही. आजारी माणसालाही ती सोसत नाही, आणि हीटरचा विषय आमच्या घरात आला तो त्यामुळेच.

अम्मींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडला न्यावे लागते. त्यांची पाळी सकाळी सातची. फजरची नमाज झाली की आम्ही निघतो. अंतर वीसेक किलोमीटरचेच, पण डिसेंबरात त्या वेळी अंधार असतो आणि आसनेच्या पुलावर धुके. मूत्रपिंडाच्या आजारात अंगात रक्त कमी असते, त्यामुळे अशा रुग्णांना थंडी जास्त वाजते. त्यातून अम्मींना साखरेचा त्रास जुना. दोन मोजे, शाल, वरून रजई, तरी नांदेड येईपर्यंत त्यांचे पाय बर्फासारखे होत. हीटर लावला तर पंखा जोरात फिरे, पण वारा जेमतेम कोमट. गाडी वीस वर्षांहून जुनी, दोन मालकांच्या हातून आमच्याकडे आलेली. नवी घेण्याची ऐपत नव्हती.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एकाने गरम पाण्याची पिशवी सुचवली. पण साखरेमुळे अम्मींच्या पायांची जाणीव कमी झाली आहे. चटका बसला तरी त्यांना कळत नाही आणि अशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. शेजारच्या खालाजानने मायेने सांगितले, "छोटी शेगडी ठेवा पायाशी, निखारे तेवढे फुललेले घ्या." अम्मी लगेच म्हणाल्या, "मी काय केळीची बाग आहे का, मला धूर द्यायला?"

सगळे हसले. पण ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, त्याला गुंगी येते आणि बंद जागेत तो झोपेतच जातो. काचा लावलेल्या गाडीत शेगडी कधीही ठेवू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी गरम करत बसणेही तितकेच घातक.

मग हीटर दुरुस्त करणे हाच मार्ग उरला. या कामी उपयोगी पडले आमचे मामू. अर्धापूरची केळी ट्रकने दिल्लीकडे नेण्यात त्यांची उमर गेली. आता गुडघ्यांमुळे गाडी चालवणे सुटले आहे, पण कान आणि हात अजून शाबूत आहेत. आम्ही म्हणालो, "मामू, हीटर बिघडलाय, नवा बसवावा लागेल वाटतं." मामूंनी मान हलवली. "हीटर वेगळा काही नसतो रे बेटा. चुलीवरचा स्वयंपाक झाला की उरलेल्या आरावर आपण पाणी तापवतो, तसंच हे. इंजिनाची उरलेली ऊब आत येते. ती येत नसेल तर आधी चूल बघायची."

मामूंचे हे म्हणणे अगदी खरे आहे. पेट्रोल जळून जी शक्ती निघते, तिचा मोठा भाग चाकांपर्यंत पोहोचतच नाही. तो उष्णता होऊन धुराबरोबर आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर जातो. हे तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये गार होते. त्यातलाच थोडा भाग दोन रबरी पाइपांमधून डॅशबोर्डमागे जातो. तिथे एक छोटा रेडिएटर असतो. पंख्याचा वारा त्यातून गेला की गरम होऊन आपल्या पायांशी येतो. हीटर लावल्याने जास्तीचे पेट्रोल जवळजवळ लागत नाही, ते याचमुळे.

रविवारी मामूंनी खुर्ची टाकून आमच्याकडून एकेक गोष्ट तपासून घेतली. पहिली म्हणजे पाणी. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचे झाकण उघडायचे. गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. पाणी कमी असेल तर ते हीटरपर्यंत नीट पोहोचत नाही. उभ्या गाडीत वारा गार आणि इंजिन रेस केले की गरम, असे होत असेल तर आधी पाण्याचा संशय घ्यावा, मग वॉटर पंपाचा. डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येत असेल तर पाइपात हवा अडकलेली असते. आमच्या गाडीत पाणी भरपूर होते, पण तांबूस, गंज उतरलेले. कूलंटचा त्यात पत्ता नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे गार-गरमचा खटका. तो फिरवला की आतली तार पडदा हलवते. जुन्या गाडीत ही तार निसटते आणि खटका नुसताच फिरतो. आमची तार ठीक होती.

तिसरी तपासणी मामूंची खास. गाडी पंधरा मिनिटे चालवून आणली, इंजिन बंद केले आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांना जपून हात लावला. दोन्ही चांगले गरम असतील तर पाणी पोहोचते आहे, दोष पडद्यात किंवा पंख्यात. एक गरम आणि दुसरा गार असेल तर मधला छोटा रेडिएटर तुंबला आहे किंवा त्याची झडप बंद आहे. आमचे दोन्ही पाइप सारखेच कोमट होते, आणि टेम्परेचरचा काटा तळाशीच. मामू म्हणाले, "चूलच पेटत नाही. थर्मोस्टॅट बघा."

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली छोटी झडप. तिच्या पोटात मेण भरलेले असते. इंजिन गार असेल तोवर झडप मिटलेली राहते आणि पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरून लवकर तापते. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी तिचे घर उघडले. आत झडप नव्हतीच!

मिस्त्रींना नवल वाटले नाही. "उन्हाळ्यात गाडी गरम होते ना, म्हणून काढून टाकतात. आपल्याकडे सगळेच काढतात." आधीच्या कोणा मालकाच्या वेळी हे झाले असावे. झडप नाही म्हणजे पाणी सदोदित रेडिएटरमधून फिरणार. पहाटेच्या थंड वाऱ्यात, धावत्या गाडीत ते तापणार कसे? नुकसान फक्त हीटरचे नाही. गार इंजिन पेट्रोल जास्त खाते आणि आतून लवकर झिजते.

"बसवून देतो," मिस्त्री म्हणाले, "पण मे महिन्यात उकळली तर मला बोलू नका."

यावर मामूंनी विचारले, "मुळात ती उकळत का होती, ते कोणी पाहिलं?" रेडिएटर उतरवला तेव्हा उत्तर मिळाले. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतल्यामुळे नळ्यांमध्ये पांढरा थर बसला होता. आपल्या घरी पाणी तापवायच्या भांड्यात बसतो, अगदी तसाच. दोष तुंबलेल्या रेडिएटरचा होता आणि शिक्षा बिचाऱ्या झडपेला झाली होती. रेडिएटर साफ करून घेतला, कुजलेले पाइप बदलले, आणि बोअरच्या पाण्याऐवजी शुद्ध पाण्यात कंपनीच्या मापाने कूलंट मिसळून भरले. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते. लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून ते दूर ठेवावे आणि उघड्यावर सांडू नये.

नवी झडप बसवण्याआधी आमच्या धाकट्या लेकीने ती एका टाकाऊ पातेल्यात, पाण्यात दोऱ्याला टांगून तापवली. उकळी फुटण्याच्या आधीच झडप हळूच उघडली. बाहेर काढल्यावर गार होत होत आपोआप मिटली. अम्मी खाटेवरून वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला केव्हा उघडायचं आणि केव्हा मिटायचं, सगळं कळतं."

झडपेची किंमत काही शेकड्यांत होती. रेडिएटरची सफाई आणि पाइप यांचा खर्च त्याहून जास्त झाला, तरी तो आवाक्यातला होता. पुढच्या डायलिसिसच्या दिवशी निम्म्या वाटेतच काटा मध्यावर आला. आसनेच्या पुलावर अम्मींनी रजई बाजूला सारली आणि म्हणाल्या, "जरा कमी करा रे, उकडतंय." आम्ही मनात अल्हम्दुलिल्लाह म्हटले.

मिस्त्रींनी सांगितलेली परीक्षा मे महिन्यात झाली. दुपारी बाराला, रणरणत्या उन्हात अम्मींना घेऊन परतताना आमची नजर रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त. काटा मध्यावरून हलला नाही.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि तीत घरातले आजारी, म्हातारे किंवा तान्हे बाळ बसत असेल, तर दिवाळीच्या सुमारास एकदा इंजिन गरम करून खटका लाल निशाणाकडे फिरवून पाहा. वारा गरम आला नाही तर पाणी, तार, दोन पाइप आणि थर्मोस्टॅट, याच क्रमाने तपासा. वाऱ्याला गोडसर वास येत असेल, काचेवर आतून चिकट वाफ धरत असेल किंवा पायाखालची चटई ओली लागत असेल, तर आतला छोटा रेडिएटर गळतो आहे. ते काम मिस्त्रींवर सोपवा. आणि कोणी म्हणाले की अमुक भाग काढून टाका, त्रास संपेल, तर तो भाग तिथे कशासाठी बसवला होता, एवढे आधी विचारा.