मंठ्याहून पुढे

आमच्या मंठ्यात दोन मोठे रस्ते भेटतात. जालन्याहून येणारा जिंतूर, औंढा, नांदेडकडे निघून जातो. शेगावहून येणारा लोणार, तळणी मागं टाकत मंठ्यात शिरतो, वाटूर फाट्यापर्यंत पहिल्याची सोबत करतो आणि तिथून परतूर, माजलगाव, धारूर, केज, कळंब, बार्शी करत पंढरपूरला पोचतो. त्याला लोक दिंडी मार्ग म्हणतात. आषाढीच्या आधी त्याच्यावर पताका दिसतात, दसऱ्यानंतर ऊसतोड्यांच्या गाड्या. माझं आयुष्य या रस्त्याच्या कडेला गेलं आणि यांचं रस्त्यावर. हे एसटीत चालक होते, परतूर आगारात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर. दोघंही अठ्ठावन्न पूर्ण करून घरी आलो. येत्या दिवाळीनंतर घराला कुलूप लावून आम्ही गाडीत राहायला जाणार आहोत. फिरायला नाही, राहायला.

“कामून वो?” असं गल्लीतल्या प्रत्येकीनं विचारलं. नणंदबाई म्हणाल्या, “घर बांधण्यात सगळा जन्म घातला, आन् आता घर सोडून रस्त्यावर?” मुलगा पुण्याला असतो. त्याला आधी वाटलं आमचं काहीतरी बिनसलं. मग म्हणाला, “आई, करमत नसेल तर इकडं या की.” त्याला फोनवर उत्तर देता आलं नाही, कारण ते उत्तर लग्नापासून सांगावं लागतं.

एसटीत मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी आगारातून निघते, रात्री शेवटच्या गावी पोचते. चालक-वाहक देवळात, पारावर नाहीतर गाडीतल्याच बाकांवर अंग टाकतात आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेली माणसं घेऊन परत फिरते. यांच्या कितीतरी रात्री अशा गेल्या. सणासुदीला जादा गाड्या. आषाढीत सगळ्या महाराष्ट्राची एसटी पंढरपूरकडे वळते, तेव्हा तर दिवसचे दिवस हे दिसायचे नाहीत. इकडे मी, शाळा, मुलाचं शिक्षण, सासूबाईंचं दुखणं. संसार झाला, चांगला झाला. पण एका छताखाली दोघांनी नुसतं राहणं, ते मात्र राहून गेलं.

निवृत्तीनंतर ते होईल असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. घर चार खोल्यांचं, आणि प्रत्येकानं आपापला कोपरा गाठला. हे पहाटे चारला उठून ओट्यावर बसायचे. पहिली गाडी फाट्यावरून गेली की तिचा आवाज ओळखायचे, गिअर कसा टाकला तेही सांगायचे. मी आत. आमचं भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा माणसाला जरा जवळ असावं लागतं.

त्या दिवसांत मला माझ्या वर्गातली लेकरं फार आठवायला लागली. मंठा, परतूर, घनसावंगी या भागातून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. दिवाळीची सुट्टी संपली की हजेरीपटावर नावांपुढे रिकामे चौकोन सुरू व्हायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. आईबाप गेले तरी लेकरं गावात राहावीत, शाळा सुटू नये, म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. काही लेकरं त्यामुळं राहिली. काही गाडीवर बसून गेलीच, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. त्यांना निरोप द्यायला मी रस्त्यावर उभी राहायचे, त्यामुळं त्या गाड्या मला आतून-बाहेरून पाठ आहेत. रबरी टायरची बैलगाडी. तीत पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, पांघरुणं, कंदील, अलीकडं मोबाइल चार्ज करायची सोलरची छोटी पाटी. मागं बांधलेली शेळी, आसाखालच्या सावलीत चालणारं कुत्रं. पुढं कासरा धरलेला नवरा, शेजारी बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, आणि एक कोयता म्हणजे ही जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. मध्यरात्री उठायचं, फडात जायचं, कारखान्यावर नंबर लावायचा, टोळीच्या तळावर, म्हणजे थळावर, आपल्या कोपीत परत यायचं. सहा महिने त्यांना एकमेकांपासून वेगळं काही नसतं. ना काम, ना थकवा, ना भाकर.

त्यांच्या गाडीची आणि आमच्या गाडीची मी बरोबरी करत नाही. त्यांना उचल फेडायची असते. आम्हाला पेन्शन आहे. खरं तर मला आहे. यांची १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतली, जिच्यात किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर अडकून पडली. यांना किमानापेक्षा थोडं जास्त मिळतं, पण तेवढ्यावर गाडीचं डिझेलसुद्धा भागणार नाही. माझी शाळा नसती तर हा विचारही आमच्या दारात आला नसता, हे मला ठाऊक आहे. तरी दोन माणसं चाकांवर कशी राहतात, हे मी कुणाकडून शिकले असेल तर त्या माणसांकडून.

परदेशात अशी म्हातारी जोडपी पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियात मोठी गाडी घेऊन देशभर फिरत राहणाऱ्या निवृत्त लोकांचा एक वर्गच तयार झाला आहे. अमेरिकेत तर कित्येकजण घर विकून बारा महिने गाडीत राहतात. पण त्यातही दोन प्रकार आहेत, आणि दुसरा मला आपल्या फार जवळचा वाटला. २००८ च्या मंदीत ज्यांची घरं आणि साठवण गेली अशी साठी-सत्तरीची माणसं व्हॅनमध्ये राहून हंगामी कामाच्या मागं गावोगाव फिरतात. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्याबरोबर राहून २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं. पुढं त्यावर चित्रपट निघाला आणि त्याला ऑस्कर मिळालं. पुस्तकातली ही माणसं नाताळच्या आधी मोठ्या गोदामांत सामान भरायची, आणि शरद ऋतूत साखरेचं बीट काढायला जायची. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. तिथंही साखरच. हंगाम आमच्याइतकाच ठरलेला, घर आमच्यासारखंच चाकांवर, फक्त वय आमच्या तोडकऱ्यांच्या आईबापाचं.

गाडी आम्ही जुनी घेतली, उंच टपाची ट्रॅव्हलर. आत सरळ उभं राहता येतं, ही माझी एकमेव अट होती असं हे सांगतात. ते खरं नाही. माझी पहिली अट संडासाची होती. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. त्याच्या मागं कारणं अनेक आहेत: खाडा परवडत नाही, लवकर लग्न, खासगी दवाखान्यांची घाई. पण फडावर आणि थळावर बाईला बसायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, हेही त्यातलंच एक मोठं कारण आहे. माझ्या वर्गातून गेलेल्या मुलीही अशाच फडांवर पोचल्या. म्हणून आमच्या गाडीत आधी दाराची, कडीची, पाण्याची तेवढी जागा आखली गेली आणि उरलेल्या जागेत पलंग, ओटा, कपाट बसवलं.

पाण्याचा हिशेब मात्र मला कुणी शिकवावा लागला नाही. टाकी १०० लिटरची. दोघांना तीन दिवस पुरवायची म्हटलं तर माणशी दिवसाला सतरा लिटरसुद्धा येत नाही. यांनी काळजीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, अहो, आपण मराठवाड्यातले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा इकडं आपण टँकरच्या वेळेनंच जगत होतो. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, त्याच पाण्यानं झाडाची आळी भिजवायची, हे सासूबाईंनी मला नव्या नवरीला शिकवलेलं. आता झाड नाही एवढाच फरक. आणि पाण्याला वजन असतं, हे मला यांनी शिकवलं. १०० लिटर म्हणजे १०० किलो. ते मागं टाकलं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सुटं वाटतं, एका बाजूला टाकलं तर वळणावर गाडी कलते. जड ते दोन आसांच्या मध्ये, खाली. भरल्या गाडीत माणसं कशी बसली आहेत यावरून हे ब्रेक कुठून दाबायला सुरुवात करायची ते ठरवायचे. हे मला इतक्या वर्षांत कधी माहीत नव्हतं. आमच्या गप्पा आता अशाच चालतात. ते मला वजन सांगतात, मी त्यांना पाणी.

टपावर दोन सौर पाट्या बसवल्या. पंखा, दिवे, छोटा फ्रीज आणि माझं मिक्सर चालतं, फक्त मिक्सर दुपारच्या उन्हातच लावायचं. पाच किलोचा सिलिंडर, त्याच्या कप्प्याला वरच्या बाजूला नाही तर तळाशी हवा खेळायची जाळी, कारण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. डबे किती आणि कोणते यावर मात्र आमचं चांगलं वाजलं. शेवटी मी येसर जास्त केला. भाजलेलं धान्य आणि मसाला दळून ठेवलेला असला की उकळत्या पाण्यात चार चमचे टाकायचे, फोडणी द्यायची, आमटी तयार. मराठवाड्यात लग्नाला आणि प्रवासाला येसर असतोच. भाकरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, येसर. या तिघांवर माणूस कन्याकुमारीपर्यंत जाऊ शकतो.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण केल्याशिवाय सुटका नाही. गाडीची बांधणी बदलायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते आणि नोंदणीच्या पुस्तकात तसा बदल करून घ्यावा लागतो. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात पर्यटकांचा विचार आहे, चार दिवस येऊन जाणाऱ्यांचा. गाडीतच राहणाऱ्या माणसाचा पत्ता काय, हा प्रश्न अजून कुणापुढं आलेला नाही. आमच्यापुरता तो सुटलेला आहे. मतदार यादीतलं नाव मंठ्यातच राहील, मत द्यायला आम्ही इथं येऊ. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता अंगठा किंवा चेहरा दाखवून कुठूनही देता येतो. तो पहिल्यांदा गाडीतून देताना कसं वाटेल, याची मला उत्सुकता आहे.

आणि थांबायचं कधी? मुलाचा हा प्रश्न खरा आहे. अमेरिकेत जो आणि के पीटरसन या जोडप्यानं १९७८ मध्ये ‘एस्केपीज’ नावाचा गाडीत राहणाऱ्यांचा क्लब काढला. टेक्सासातल्या लिव्हिंग्स्टनला त्यांचं ठाणं आहे. ज्यांना वयामुळं किंवा आजारानं गाडी चालवणं जमत नाही, त्यांनी आपापली गाडी तिथं आणून लावायची आणि तिच्यातच राहायचं. जेवण, दवाखान्यात नेणं-आणणं यांची सोय तिथं आहे. आपल्याकडं तसं काही नाही. आमच्याकडं मंठ्यातलं घर आहे, किल्ली शेजारी आहे. यांचा परवाना आता पाच-पाच वर्षांनीच वाढतो, डॉक्टरच्या दाखल्यासह. डॉक्टर ज्या दिवशी नाही म्हणतील त्या दिवशी परत फिरायचं, आणि त्यावर वाद घालायचा नाही, असं मी यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. यांनीही माझ्याकडून एक कबूल करून घेतलं: शेजारच्या सीटवर बसून ‘सावकाश’ म्हणायचं नाही.

गेल्या महिन्यात गाडी पूर्ण झाली आणि पहिली रात्र आम्ही अंगणातच, गाडीत काढली. पलंग साडेचार फुटांचा. कूस बदलायची तर दोघांनी मिळून बदलावी लागते. यांना ऐकू कमी येतं हे मला त्या रात्री कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं हे मुद्दाम उत्तर देत नाहीत. डाव्या कानाला कमी, इंजिनाच्या बाजूच्या. आता मी उजवीकडं झोपते, आणि बोललेलं पोचतं.

पहिला रस्ता कोणता यावर बरेच दिवस चाललं. यांना समुद्र हवा होता. एसटीनं कधी कोकणाच्या फेरीवर पाठवलं नाही, ही यांची जुनी खंत. मीच आडवी आले. माझ्या वर्गातला एक मुलगा, दिवाळीनंतर दरवर्षी ज्याच्या नावापुढं रिकामे चौकोन पडायचे, तो आता बायकोबरोबर कोयत्यावर जातो. त्याची लेक मंठ्यात वसतिगृहात राहते, तिसरीत आहे, छान वाचते. परवा तो आमच्या घरी आला होता. गाडी सगळी फिरून पाहिली, संडासाचं दार उघडून बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, “बाई, थळावर या. आमच्या कोपीशेजारी जागा आहे, नळ बी आहे.” तर आधी तिकडं जायचं, मग समुद्र. लेकीच्या वह्या आणि तिचं एक पत्र त्याच्यापर्यंत पोचवायचं आहे. टोळीतली जी लेकरं गाडीबरोबर जातात त्यांच्यासाठी पाट्या, पुस्तकं घेतली आहेत. त्याच्या आईनं काल ज्वारीच्या पिठाचं पोतं आणून दारात टाकलं, “एवढं पोचवा माय” म्हणून. यांनी ते उचलून पाहिलं, चाळीस किलो म्हणाले, आणि पलंगाखालचे माझे दोन डबे बाहेर काढून ते दोन आसांच्या मध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी बसवलं.