दोन वर्षांचं घर

देगलूरच्या आमच्या घरात दोन वर्षं चालतात, एक शाळेचं आणि एक चंद्राचं. चंद्राचं वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून 2018 चा रमजान मे-जूनच्या सुट्टीत आला होता, तर 2025 चा मार्चमध्ये, ऐन परीक्षेत. थोरली दहावीला होती. तिची उजळणी, धाकट्याचं क्रिकेट, दोघांचा कुरआनचा सबक, यांचं दुकान. प्रत्येकाची वेळ निराळी. 31 मार्चला ईद झाली. मेमध्ये सगळ्यांना मिळून एकच दिवस मोकळा सापडला, तेव्हा बिदरला गेलो. महमूद गावान यांनी 1472 मध्ये बांधलेल्या मदरशातल्या खोल्या पाहून थोरली म्हणाली, "अम्मी, इथली मुलंही घर सोडूनच आली असतील ना?" मी नुसती मान हलवली. बकरीद करून ती लातूरला शिकायला गेली.

आता वाटतं, सहल एका दिवसाची झाली. पण सहरीच्या दस्तरखानावर आम्ही एकोणतीस दिवस एकत्र बसलो. बहिणींनो, सुट्टीची वाट पाहू नका. दिवसातलं एक जेवण तरी सगळ्यांनी मिळून घ्या. मुलं घरात आहेत तोवरच ते जमतं.