पंप गेला म्हणण्याआधी

उर्दूत जी तशखीस, तेच मराठीत निदान. तशखीस हा 'शख्स'च्या घरातला शब्द, म्हणजे नेमका कोण ते ओळखणे. मराठी 'निदान'चा मात्र 'कमीत कमी' असाही अर्थ होतो, आणि गॅरेजमध्ये मला तोच जास्त पटतो. महागडा पार्ट बदला म्हणण्याआधी निदान चार गोष्टी तरी बघा!

या पावसाळ्यात आमची जुनी पेट्रोल गाडी दोन दिवस उभी राहिली की सुरू होईना. झाली तरी गचके. आठवड्यातून दोनदा अम्मीला थळहून अलिबागला डायलिसिससाठी न्यायचे ते याच गाडीतून. एका गॅरेजने बॉनेट उघडताच निकाल दिला: पंप गेला, 9,000 रुपये.

पंप असतो मागच्या सीटखाली, टाकीच्या आत. इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन केली की दोनेक सेकंद बारीक घूंऽ ऐकू येते. आमच्या गाडीत येत होते. येत नसते तर आधी फ्यूज, मग रिले बघायचा; तसाच दुसरा रिले लावून पाहायला पैसे पडत नाहीत. आवाज आला म्हणजे दाब पुरेसा आहे असे मात्र नाही. त्यासाठी इंजिनाजवळ गेज लावावा लागतो. चावी बंद करताच दाब झर्रकन उतरला तर गळका इंजेक्टर किंवा पंपाचा व्हॉल्व्ह, इंजिनावर जोर आल्यावर पडला तर चोंदलेला फिल्टर असू शकतो. दुसऱ्या मिस्त्रीने गेज लावला. दाब नीट होता, टिकलाही.

मग शेजारच्या नाखव्यांनी विचारले, "मास्तर, टाकीचा तळ बघितला का?" बोटीच्या डिझेल फिल्टरखाली पाणी साठायला वाटी असते, ती ते नेमाने रिकामी करतात. गाडीला तशी वाटी नाही. मिस्त्रीने टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवले. थोड्या वेळाने खाली वेगळा थर दिसला.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल 2022 साली 10 टक्के होते, 2025 पर्यंत 20 झाले. इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते. जास्त झाले की पाणी इथेनॉललाही ओढून तळाशी बसते. पंप तळातूनच ओढतो. गाडी दोन दिवस उभी राहिल्यावरच का अडायची, ते तेव्हा कळले.

हल्ली सगळ्याच बिघाडांचे खापर इथेनॉलवर फुटते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची काळजी रास्तच आहे. पण इथे पाणी आले कुठून, हा खरा प्रश्न होता. टाकीच्या झाकणाचे रबर तडकले होते आणि पाऊस थळचा!

टाकी उपसली, फिल्टर आणि झाकण बदलले. पंप जुनाच आहे. आता मंगळवारी, शुक्रवारी चावी फिरवली की मागच्या सीटवरून, पंपाच्या अगदी वर बसलेली अम्मीच सांगते, "आला आवाज, चल."